गळतंय, तरी ऑइल वाढतंय

पत्र: माझ्याकडे १५० सीसीची, एअरकूल्ड, कार्बोरेटरवाली जुनी मोटरसायकल आहे. गेले काही महिने इंजिनाच्या डाव्या अंगाला, पुढच्या स्प्रॉकेटच्या (चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाच्या) कव्हराखाली ऑइल दिसतं. रोज नाही. कधी आठवडाभर जमीन कोरडी, आणि मग एखाद्या सकाळी गाडीखाली मोठा डाग. लांबचा प्रवास वेगात केला की मागच्या चाकापर्यंत शिंतोडे उडतात. एका मेकॅनिकने स्प्रॉकेटमागचं सील बदललं, दुसऱ्याने टॅपेट कव्हरचं पॅकिंग. दोन्ही वेळा थोडे दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. आता दुसरा मेकॅनिक म्हणतो, क्रँककेसला, म्हणजे इंजिनाच्या खालच्या कवचाला, बारीक चीर असणार, पूर्ण इंजिन खोलावं लागेल. खोलू का? आणि तोवर गाडी चालवली तर चालेल का? हल्ली ॲव्हरेजही पडलंय आणि सकाळी गाडी लवकर चालू होत नाही, पण तो वेगळा विषय. वरून ऑइल मात्र कधी टाकावं लागलं नाही. डिपस्टिकवर उलट खुणेच्या वरच दिसतं, त्यामुळे इंजिनाची काळजी अजून वाटत नाही. — त्रस्त गाडीवाला

उत्तर: आधी तुमच्या दोन प्रश्नांची उत्तरं. इंजिन खोलू नका. आणि तोवर गाडी चालवूही नका. सध्या किकसुद्धा मारू नका आणि स्टार्टरचं बटणही दाबू नका. पेट्रोलचा कॉक आत्ता बंद करून या, मग पुढचं वाचा.

ज्या वाक्यामुळे तुम्ही निर्धास्त आहात, त्याच वाक्याने मला धास्ती वाटली. इंजिनातून ऑइल बाहेर जात असेल तर आतली पातळी उतरायला हवी. तुमची चढतेय. म्हणजे जेवढं बाहेर जातंय त्याहून जास्त काहीतरी आत येतंय. तुमचं इंजिन एअरकूल्ड, म्हणजे हवेने थंड होणारं, तेव्हा कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) यायचा प्रश्नच नाही. वरून तुम्ही काही ओतत नाही. मग राहिलं पेट्रोल. पडलेलं ॲव्हरेज आणि सकाळची कटकट हा वेगळा विषय नाहीच. गहाळ झालेलं पेट्रोल बहुधा इंजिनाच्या पोटात आहे.

हे कसं होतं ते नीट समजून घ्या, म्हणजे तुमच्या गळतीची सगळी विचित्र लक्षणं आपोआप जुळतात. पेट्रोलची टाकी कार्बोरेटरच्या, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाच्या, वर असते, पेट्रोल स्वतःच्या वजनानेच खाली येतं. त्याला अडवायला कार्बोरेटरच्या बाउलमध्ये फ्लोट आणि नीडल असते. पाण्याच्या टाकीतल्या बॉल कॉकसारखंच हे काम: पातळी भरली की फ्लोट वर येतो, नीडल सीटवर दाबली जाते, प्रवाह थांबतो. नीडलचं टोक झिजलं, सीटवर कचऱ्याचा कण अडकला किंवा फ्लोटमध्येच पेट्रोल शिरून तो जड झाला, तर हा प्रवाह पूर्ण थांबत नाही. गाडी चालू असताना ते लक्षातही येत नाही, कारण इंजिन पेट्रोल पीतच असतं. मिश्रण थोडं रिच होतं, म्हणजे त्यात पेट्रोल जास्त येतं, ॲव्हरेज पडतं, इतकंच. खरी गडबड गाडी उभी केल्यावर होते.

कॉक उघडा राहिला की बाउल भरत जातो. बऱ्याच कार्बोरेटरांत अशा वेळी जास्तीचं पेट्रोल ओव्हरफ्लो नळीतून जमिनीवर पडतं, वास येतो आणि मालक जागा होतो. पण ती नळी तुंबलेली असेल, किंवा त्या कार्बोरेटरला ती दिलेलीच नसेल, आणि इनटेकचा (कार्बोरेटरकडून सिलिंडरकडे जाणारा) मार्ग इंजिनाकडे उतरता असेल, तर पेट्रोल जेटमधून वर चढून सरळ इंजिनाच्या दिशेने वाहतं. पुढे इनटेक व्हॉल्व्ह उघडा सापडला तर सिलिंडरमध्ये उतरतं. पिस्टनच्या रिंगांच्या टोकांमध्ये फट असते, ती मुद्दामच ठेवलेली असते. उभ्या इंजिनात त्या फटीतून पेट्रोल रात्रभर झिरपत क्रँककेसमध्ये जातं आणि ऑइलमध्ये मिसळतं.

‘रोज नाही, कधीतरीच’ याचं उत्तर त्या व्हॉल्व्हमध्ये आहे. चार स्ट्रोकच्या इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह क्रँकच्या दर दोन फेऱ्यांत एकदाच उघडतो, साधारण एक तृतीयांश काळ. त्यातही बंद होताना इंजिन बहुतेकदा कॉम्प्रेशनच्या चढावर अडतं, आणि तिथे हा व्हॉल्व्ह मिटलेला असतो. काही वेळा मात्र ते तिथून जरा मागे सरकतं किंवा भलत्याच जागी थांबतं, आणि व्हॉल्व्ह उघडा राहतो. त्या रात्री पेट्रोलला वाट मिळते. म्हणून आठवडाभर कोरडं आणि एका सकाळी डाग. सीलची गळती अशी लहरी सहसा नसते.

आता डावीच बाजू का? गाडी साइड स्टँडवर डावीकडे कलते. एरवी स्प्रॉकेटच्या शाफ्टचं सील ऑइलच्या पातळीच्या वर असतं, त्याला फक्त उडणारं ऑइल अडवायचं असतं. पातळी वाढली आणि गाडी कलली की तेच सील रात्रभर ऑइलमध्ये बुडून राहतं. शिवाय ते ऑइल पेट्रोलने पातळ झालेलं. चांगलं सीलसुद्धा अशा वेळी पाझरतं.

वेगातल्या शिंतोड्यांचा रस्ता वेगळा, कारण मात्र हेच. पिस्टन खाली येताना क्रँककेसमधली हवा दाबली जाते आणि ब्रीदर पाइपने एअर फिल्टरच्या बॉक्सकडे जाते. पातळी जास्त असेल तर क्रँक ऑइलला घुसळतो, फेस होतो, आणि हवेबरोबर तो फेसही बॉक्समध्ये पोचतो. तिथे साचलेलं ऑइल खालच्या नळीतून टपकतं आणि वारा ते मागे नेतो. थोडक्यात, तुमच्याकडे दोन वाटांनी गळतंय. दोन्ही मेकॅनिकना ओल खरोखरच दिसली होती. त्यांनी ओल पाहिली, डिपस्टिक पाहिली नाही.

आणि सील बदलल्यावर थोडे दिवस बरं का वाटलं? त्या कामाबरोबर त्यांनी ऑइलही बदललं असणार, बहुतेक जण बदलतात. पातळी जागेवर आली, गळती थांबली, श्रेय सीलला मिळालं. मग पुन्हा पेट्रोल भरत गेलं.

आता हे पडताळून पाहा. माझं निदान तुमच्या एका वाक्यावर उभं आहे, तेव्हा ते तपासल्याशिवाय कशालाही हात लावू नका.

गाडी सपाट जागेवर मेन स्टँडवर उभी करा. साइड स्टँडवर घेतलेलं माप खोटं असतं. तुम्ही आजवर तसंच पाहत असाल, तर सगळी कथा इथेच बदलू शकते. डिपस्टिक पुसा, परत घाला, काढा. काही गाड्यांत ती आटे न फिरवता नुसती टेकवून वाचायची असते, काहींत पूर्ण फिरवून. गाडीसोबतच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. एरवी इंजिन थोडं चालवून, मग काही मिनिटं थांबून पातळी बघतात. तुम्ही ते करू नका, थंड इंजिनावरच बघा. नंतर डिपस्टिकचा वास घ्या. जुन्या ऑइलला पेट्रोलचा थोडा वास येतोच, पण इथे तो नाकात झोंबेल. दोन बोटांत चोळून पाहा, पाण्यासारखं पातळ लागेल. हे सगळं मोकळ्या हवेत करा आणि जवळपास कोणाला सिगरेट ओढू देऊ नका. ऑइलचा थेंब पेटवून पेट्रोल ओळखणारे महाभाग मी पाहिलेत. तुम्ही त्यांच्यात जाऊ नका.

सर्वांत पक्का पुरावा ऑइल काढल्यावर मिळतो. ड्रेन बोल्ट उघडून सगळं ऑइल मापाच्या भांड्यात घ्या. १ लिटर ऑइलच्या इंजिनातून सव्वा किंवा दीड लिटर निघालं, तर वादच संपला. इथे एक दुसरी शक्यताही तपासून घ्या. क्रँककेसवर किंवा पुस्तकात ऑइलची दोन मापं असतात: इंजिन पूर्ण खोलून भरताना लागणारं, आणि नुसतं ऑइल बदलताना लागणारं. दुसरं कमी असतं, कारण थोडं जुनं ऑइल आतच राहतं. घाईत पहिल्या मापाने किंवा अख्खा डबा ओतला गेला तरी पातळी वाढते आणि ब्रीदरमधून हाच प्रकार घडतो. पण मग पेट्रोलचा वास येत नाही, आणि पातळी वाढत जात नाही. ऑइल बदलल्या दिवशी जेवढी असते तेवढीच राहते किंवा उतरते.

पेट्रोलच निघालं, तर पुढचं काम कार्बोरेटरवर. त्याच्या बाउलच्या तळाशी ड्रेनचा स्क्रू आणि छोटी नळीची तोटी असते. तिथे पारदर्शक नळी लावा, तिचं दुसरं टोक कार्बोरेटरला टेकवून वर धरा, स्क्रू सैल करा आणि कॉक उघडा. नळीतलं पेट्रोल बाउलच्या आतल्या पातळीइतकंच चढतं. बाउल आणि वरचा भाग जिथे जुळतात त्या सांध्याच्या थोडं खाली ते स्थिरावलं पाहिजे. नेमकं किती खाली ते मॉडेलनुसार बदलतं. तुम्हाला पाहायचंय ते एवढंच की ते थांबतं की हळूहळू चढतच राहतं. दहा-पंधरा मिनिटं धीर धरा, बारीक गळणारी नीडल लगेच पकडली जात नाही. चढत राहिलं तर गुन्हेगार सापडला.

बाउल उघडल्यावर नीडलचं निमुळतं टोक उजेडात धरून बघा. सीट जिथे टेकते तिथे गोल वळी उमटलेली असेल तर नीडल बदला. ती घासून नीट होत नाही, आणि कोणी ‘पॉलिश करून देतो’ म्हणालं तरी ऐकू नका. सीट मात्र कापसाच्या काडीने साफ करता येते. तार किंवा टोचा त्यात घालू नका, एक ओरखडा पडला की नवी नीडलही गळेल. सीट सुटी होणारी असेल तर तिच्याभोवतीची ओ-रिंग बघा. ती कडक झाली की पेट्रोल नीडलला वळसा घालून जातं आणि नीडल बदलूनही गळती तशीच राहते. फ्लोट कानाजवळ हलवा. आत डुचमळलं तर तो गेला. त्याची उंची पुस्तकातल्या मापाला आणा. तळाशी गंजाची माती दिसली तर टाकी साफ करून घ्या आणि फिल्टर बसवा, नाहीतर पुढच्या महिन्यात पुन्हा तोच कण त्याच जागी.

कॉकही तपासा. तो बंद करा, कार्बोरेटरकडची नळी काढून बाटलीत सोडा आणि काही तास ठेवा. बाटली कोरडी राहिली पाहिजे. काही गाड्यांत व्हॅक्युमवर चालणारा कॉक असतो, त्याला बंद करायची जागाच नसते. तसा असेल तर इंजिनाकडून येणारी त्याची बारीक व्हॅक्युम नळी काढून बघा. ती आतून पेट्रोलने ओली निघाली तर कॉकचा पडदा फाटलाय, आणि पेट्रोल कार्बोरेटरला टाळून त्या नळीतूनच इंजिनात जातंय.

आता सुरुवातीला किक मारू नका असं का म्हटलं ते. सिलिंडरमध्ये पेट्रोल साचलेलं असेल तर ते हवेसारखं दाबलं जात नाही. वर येणारा पिस्टन त्याच्यावर आदळून थांबतो, आणि स्टार्टरचा जोर असेल तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. मग इंजिन खरोखर खोलावं लागेल. म्हणून दुरुस्तीनंतर, चालू करण्याआधी प्लग काढा. चावी बंद, कॉक बंद, प्लगची कॅप भोकापासून दूर. किक हाताने हळू दाबून इंजिन दोन-चारदा फिरवा. किक नसेल तर टॉप गिअर टाकून मागचं चाक हाताने फिरवा. प्लगच्या भोकासमोर तोंड नेऊ नका, साचलेलं पेट्रोल पिचकारीने बाहेर येतं. ते पूर्ण उडून जाईपर्यंत थांबा, मगच प्लग लावा.

ऑइल नवं घाला, फिल्टर किंवा जाळी साफ करा, बदलण्याच्या मापानेच भरा. मी असतो तर हे नवं ऑइल थोडे दिवस चालवून आणखी एकदा बदललं असतं, कारण आत राहिलेल्या जुन्यात पेट्रोल असतंच. कंजूषपणा करायची ही जागा नाही. पेट्रोलने ऑइल पातळ झालं की कॅम, रॉकर आणि बेअरिंगांवरची ऑइलची फिल्म टिकत नाही. हे नुकसान आवाज न करता होतं आणि फार उशिरा कळतं. एअर फिल्टर ऑइलने भिजला असेल तर कागदाचा बदला, फोमचा धुऊन घ्या, आणि बॉक्सच्या तळाची नळी रिकामी करा. काढलेलं ऑइल साध्या जुन्या ऑइलपेक्षा लवकर पेट घेतं. ते झाकणाच्या डब्यात, वेगळं ठेवून द्या.

पातळी बरोबर आहे आणि पेट्रोलचा वासही नाही, असं निघालं तर माझं निदान चुकलं म्हणा आणि मग बाहेरून शोधायला लागा. तेव्हाही इंजिन खोलणं शेवटचं. आधी ब्रीदर पाइप कुठे दबला किंवा तुंबला नाही ना ते बघा, कारण टाकी किंवा बॉक्स परत बसवताना तो सहज चिमटतो. मग इंजिन आणि स्प्रॉकेटचा भाग डिग्रीझरने स्वच्छ करा, पण सीलवर जोराचा फवारा मारू नका. पूर्ण सुकल्यावर संशयाच्या जागी टाल्कम पावडरचा पातळ थर द्या, थोडं चालवा, पुन्हा बघा. ऑइल खाली ओघळतं आणि वाऱ्याने मागे जातं, म्हणून सर्वांत वरची आणि सर्वांत पुढची ओली जागा धरायची. खरी चीर असेल तर ती पावडरवर रेघेसारखी उमटते. तुटलेली चेन आपटून स्प्रॉकेटजवळ क्रँककेस फुटल्याची उदाहरणं आहेत, पण तुमच्या पत्रात तसं काही घडल्याचं नाही.

त्या भागात ऑइल यायच्या इतर जागाही असतात: गिअर शाफ्टचं सील, न्यूट्रल स्विचची ओ-रिंग, काही गाड्यांत क्लचच्या पुशरॉडचं सील. बऱ्याच गाड्यांत स्प्रॉकेटमागच्या कॉलरच्या आतही एक छोटी ओ-रिंग असते. मेकॅनिक बाहेरचं सील बदलतात आणि ती विसरतात, मग ऑइल शाफ्टच्या कडेने येत राहतं. तुमच्या पहिल्या मेकॅनिकला तेवढं विचारून ठेवा. आणि काळं, चिकट, रेती मिसळलेलं जे दिसतं ते कित्येकदा इंजिनाचं ऑइल नसून चेनचं ल्युब्रिकंट असतं.

फ्युएल इंजेक्शनच्या गाड्या असलेल्या वाचकांसाठी एवढंच: चावी बंद झाली की तुमचा पंप बंद होतो, त्यामुळे रात्रभर पेट्रोल वाहत राहण्याचा हा प्रकार तुमच्याकडे सहसा होत नाही. पण इंजिन तापायच्या आत बंद होईल अशा छोट्याच फेऱ्या रोज असतील तर ऑइलमध्ये पेट्रोल आणि पाण्याची वाफ थोडी थोडी साचते. ऑइल भरायच्या झाकणाखाली दुधाळ फेस दिसला तर एकदम हेड गॅस्केटवर (सिलिंडरच्या डोक्याखालच्या पॅकिंगवर) आळ घेऊ नका. आधी एक लांब फेरी मारून तो जातो का बघा.

राहिला गाडी चालवण्याचा प्रश्न. दुरुस्तीनंतर पहिले काही दिवस रोज थंड इंजिनावर डिपस्टिक बघा आणि उभी करताना कॉक बंद करायची सवय ठेवा. पातळी जागेवर राहिली की काम झालं. पण पहिल्यांदा बाहेर काढण्याआधी मागचं टायर, रिम आणि ब्रेकचा भाग ऑइलपासून स्वच्छ करा. डिस्क असेल तर ब्रेक क्लीनर वापरा. ड्रम असेल तर उघडून शू भिजलेत का बघा, भिजलेले शू बदलावे लागतात. टायर साबणाच्या पाण्याने घासून धुवा, आणि पहिल्या काही वळणांवर गाडी कमी झुकवा.